ब्रिटनमध्ये ‘एनएचएस’चा दंतवैद्य : नोंदणी नेमकी कशाची?

शिक्षण, नोकरी किंवा विवाहाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये वास्तव्यास जाणाऱ्या मराठी मंडळींची पहिल्या काही आठवड्यांतील धावपळ ठरलेली असते. भाड्याचे घर, बँकेतील खाते, मुलांची शाळा आणि ‘जीपी’कडे, म्हणजेच त्या भागातील कुटुंबवैद्याकडे नोंदणी. दंतवैद्याचे नाव या यादीत सहसा नसते. ते आठवते ते एखाद्या रात्री दाढ ठणकू लागल्यावर, आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जीपीकडे नाव नोंदले म्हणजे दातांचीही सोय झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जीपी दातांवर उपचार करीत नाही आणि त्याच्याकडील नोंदणीचा दंतवैद्याशी काही संबंध नसतो. ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ अर्थात ‘एनएचएस’ या सार्वजनिक आरोग्यसेवेत दंतचिकित्सा आहे. मात्र तिचे नियम, शुल्क आणि दरवाजे सारेच निराळे आहेत.

आपल्याकडे मुंबईतील नायर दंत महाविद्यालयात किंवा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात सकाळी जाऊन केस पेपर काढला की रांगेत का होईना, नंबर लागतो. ब्रिटनमध्ये असा सर्वांना खुला असलेला बाह्यरुग्ण विभाग दातांसाठी नाही. तेथे एनएचएसची दंतसेवा मुख्यत्वे खासगी मालकीचे दवाखानेच सरकारशी केलेल्या करारानुसार देतात. एकाच दवाखान्यात, एकाच खुर्चीवर, सकाळी एनएचएसचा रुग्ण आणि दुपारी खासगी रुग्ण तपासला जातो. कोणत्या दवाखान्याने एनएचएसचे किती काम करायचे हे करारात ठरलेले असते. सारी मेख या ‘किती’मध्ये आहे.

मोफत सेवेला लागलेली पहिली कात्री

५ जुलै १९४८ रोजी ॲन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना एनएचएसची स्थापना झाली, तेव्हा दंतोपचार पूर्णपणे मोफत होते. युद्धाने आणि दारिद्र्याने तोंडाची अवस्था वाईट झालेल्या जनतेने दवाखान्यांकडे अशी धाव घेतली की कवळ्यांच्या मागणीने सरकारचे अंदाजपत्रक कोलमडले. अवघ्या तीन वर्षांत, १९५१ मध्ये, कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क आकारण्याचा निर्णय झाला. मोफत सेवेच्या तत्त्वाला बाध आला म्हणून बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सन हेही त्यांच्यासमवेत बाहेर पडले. १९५२ मध्ये दातांवरील सर्वसाधारण उपचारांनाही एक पौंड शुल्क लागू झाले. एनएचएसच्या मोफतपणाला पहिली कात्री लागली ती दातांवरून, हे नव्याने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

‘नोंदणी’ हा शब्द दंतवैद्यकात खऱ्या अर्थाने आला तो १९९० च्या कराराने. रुग्णाचे नाव दंतवैद्याच्या यादीत लागे आणि त्याच्या निगराणीची जबाबदारी दंतवैद्यावर राही. पण १९९२ मध्ये सरकारने दंतवैद्यांच्या मोबदल्यात सात टक्के कपात केली आणि तेव्हापासून अनेकांनी खासगी व्यवसायाची वाट धरली. १९९९ मध्ये टोनी ब्लेअर यांनी दोन वर्षांत प्रत्येकाला एनएचएसचा दंतवैद्य मिळेल, असे आश्वासन दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये स्कारबरो या किनारपट्टीवरील गावात एनएचएसचा एक नवा दवाखाना उघडला, तेव्हा नाव नोंदविण्यासाठी शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे होते. त्या रांगेची छायाचित्रे देशभर गाजली. बरोबर वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात अशीच रांग लागली आणि ती आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. सरकारे बदलली, आश्वासने बदलली. रांग मात्र तशीच राहिली.

इंग्लंडमध्ये कायमची नोंदणी नाही

एप्रिल २००६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा करार लागू झाला आणि त्याने नोंदणीची ही पद्धतच रद्द केली. तेव्हापासून इंग्लंडमध्ये दंतवैद्याची जबाबदारी त्या-त्या उपचारक्रमापुरतीच असते. तपासणी झाली, ठरलेले दात भरून झाले, की कायद्याच्या दृष्टीने संबंध संपला. दवाखाने आपल्या नियमित रुग्णांची यादी ठेवतात आणि पुढच्या तपासणीचे स्मरणपत्रही धाडतात. पण ही त्यांची व्यवस्था आहे, रुग्णाचा हक्क नव्हे. दोन वर्षे फिरकलाच नाहीत, तर नाव वगळले गेले असण्याची शक्यता बरीच. लोक ‘रजिस्टर झालो’ असे म्हणतात तेव्हा त्याचा खरा अर्थ ‘एका दवाखान्याने मला एनएचएसचा रुग्ण म्हणून स्वीकारले’ एवढाच असतो.

दवाखाने स्वीकारण्यास कां-कू का करतात, याचे उत्तर याच करारात आहे. २००६ च्या रचनेत दंतवैद्याचे काम ‘युनिट ऑफ डेंटल ॲक्टिव्हिटी’ अर्थात ‘यूडीए’ या एककात मोजले जाऊ लागले. साधी तपासणी म्हणजे एक यूडीए, दात भरणे किंवा काढणे म्हणजे तीन, कॅप वा कवळी म्हणजे बारा. यातील विचित्र भाग असा, की एक दात भरला तरी तीन आणि सहा दात भरले तरी तीनच. वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी न चढलेला, तोंडभर किडलेले दात असलेला नवा रुग्ण म्हणजे दंतवैद्याच्या हिशेबात निव्वळ तोटा. आणि सहा महिन्यांनी नेमाने येणारा, दात चांगले असलेला जुना रुग्ण फायद्याचा. ज्याला गरज सर्वाधिक, त्यालाच दार बंद, असा उफराटा न्याय या मोजमापाने घडविला. २०२२ च्या अखेरीस त्यात दुरुस्ती होऊन तीन किंवा अधिक दातांच्या कामाला पाच आणि दाढेच्या रूट कॅनॉलला सात यूडीए मिळू लागले. तरीही, ठरलेले वार्षिक काम पूर्ण झाले नाही तर सरकार पैसे परत मागते आणि ठरल्यापेक्षा फार अधिक केले तर त्याचा मोबदला मिळत नाही, ही पकड कायम राहिली. अनेक दंतवैद्यांनी एनएचएसचे काम कमी करून खासगी वाढविले. देशात दंतवैद्य नाहीत असे नाही. एनएचएसच्या दराने काम करण्यास राजी असलेले पुरेसे नाहीत.

परिणाम काय झाला? ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने देशभरातील जवळपास सात हजार दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दहापैकी नऊ दवाखाने एनएचएसचे नवे प्रौढ रुग्ण घेत नसल्याचे आढळले. दहापैकी आठ दवाखाने लहान मुलेही घेत नव्हते. घरच्या घरी पक्कडीने दात उपटून काढल्याच्या बातम्या याच काळात ब्रिटिश वृत्तपत्रांत वारंवार येत राहिल्या. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षे वयाच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण दातांची कीड हे आहे. जगातील एका श्रीमंत देशाविषयी आपण हे वाचत आहोत, यावर विश्वास बसणे कठीण. पण आहे ते असे आहे.

दवाखाना शोधावा कसा?

सर्वप्रथम एनएचएसच्या अधिकृत संकेतस्थळावरील दंतवैद्य शोधण्याच्या पानावर आपल्या घराचा पोस्टकोड टाकावा. जवळच्या दवाखान्यांची यादी येते आणि प्रत्येकासमोर तो सध्या कोणास स्वीकारतो हे लिहिलेले असते. ते नीट वाचावे. काही दवाखाने फक्त मुलांना घेतात, काही शुल्कमाफी असलेल्या प्रौढांना, काही केवळ दुसऱ्या दंतवैद्याने पाठविलेल्यांना. ही माहिती दवाखान्यांनी स्वतः अद्ययावत ठेवायची असते आणि ती नेहमीच ताजी असते असे नाही. त्यामुळे संकेतस्थळावर ‘नाही’ दिसले तरी दूरध्वनी करावा आणि ‘होय’ दिसले तरी करावाच. विचारायचे प्रश्न मोजके आहेत : नवे एनएचएस रुग्ण घेता का, प्रतीक्षायादी आहे का, असल्यास तीत नाव लावता येईल का, आणि कोणाची वेळ रद्द झाल्यास ऐनवेळी बोलावाल का. ‘एनएचएस’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. नुसते ‘नवे रुग्ण घेता का’ असे विचारल्यास हसतमुख होकार मिळतो आणि तो खासगी दराचा असतो, हे बिल हाती आल्यावर कळते.

जीपीच्या बाबतीत निवासाचा भाग पाहिला जातो. दंतवैद्याच्या बाबतीत तसे बंधन नाही. लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्याने वॉटफर्डचा दवाखाना गाठला तरी चालते. ही सवलत फार मोलाची आहे. शोधाचे वर्तुळ रेल्वेच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासापर्यंत मोठे केले तर यश येण्याची शक्यता बरीच वाढते. तसेच लेस्टरमध्ये शिकताना मिळालेला दंतवैद्य बर्मिंगहॅमला नोकरी लागली म्हणून सोडण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा जाऊन यावे आणि नाते टिकवावे. शोध एप्रिलच्या सुरुवातीस घ्यावा, असे तेथील अनुभवी मंडळी सांगतात. करारातील कामाचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते आणि वर्षअखेरीस ज्यांचा वाटा संपला आहे, असे दवाखाने नवे रुग्ण घेण्यास नाखूश असतात.

स्वीकार झाल्यावर पहिल्या भेटीत नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आरोग्याचा इतिहास यांचा अर्ज भरावा लागतो. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, पेनिसिलिनची ॲलर्जी यांविषयी लपवाछपवी करू नये. अनेक दवाखान्यांच्या अर्जांत तंबाखू, पान, सुपारी आणि गुटखा यांविषयीही स्पष्ट प्रश्न असतो. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी संकोचाने तेथे ‘नाही’ लिहितात. तो प्रश्न कोणाच्या अब्रूचा नाही. तोंड पूर्ण न उघडणे, गालाच्या आतील पांढरे चट्टे अशा लक्षणांकडे दंतवैद्याने कोणत्या नजरेने पाहावे, हे त्या उत्तरावर अवलंबून असते.

शुल्काचा हिशेब

व्हिसाबरोबर भरावा लागणारा आरोग्य अधिभार ६ एप्रिल २०१५ पासून लागू झाला, तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड झाला. एवढी रक्कम भरल्यावर दातांचे पैसे पुन्हा कशाला, हा संताप स्वाभाविक आहे. परंतु अधिभारामुळे मिळतो तो तेथील रहिवाशासारखा दर्जा, आणि तेथील रहिवासीही दंतोपचाराचे शुल्क भरतोच.

इंग्लंडमध्ये हे शुल्क तीन पायऱ्यांत आहे. १ एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या पायरीस २७.४० पौंड पडत. तीत तपासणी, एक्स-रे आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्यास दात साफ करणे येते. दुसरी पायरी ७५.३० पौंडांची, दात भरणे, रूट कॅनॉल, दात काढणे हे त्यात बसते. तिसरी ३२६.७० पौंडांची, कॅप, ब्रिज आणि कवळी. तातडीच्या उपचारास पहिल्या पायरीइतकेच शुल्क. हे दर साधारणतः दर एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी चालू आकडा पाहून घ्यावा. महत्त्वाचे हे, की शुल्क एका उपचारक्रमास एकदाच लागते आणि पायऱ्यांची बेरीज होत नाही. एखाद्याची तपासणी झाली, तीन दात भरले, एका दाढेचे रूट कॅनॉल झाले आणि एक दात काढला, त्यासाठी चार खेपा झाल्या, तरी एकूण शुल्क दुसऱ्या पायरीचेच. उपचार संपल्यापासून दोन महिन्यांत त्याच किंवा खालच्या पायरीचे आणखी काही करावे लागले, तर पुन्हा पैसे नाहीत. भरलेला दात किंवा बसविलेली कॅप बारा महिन्यांत निकामी झाल्यास त्याच दवाखान्याने ती सहसा विनाशुल्क दुरुस्त करून द्यायची असते. दात पांढरे शुभ्र करणे यांसारखे सौंदर्योपचार या सेवेत येत नाहीत आणि इम्प्लांटही सर्वसाधारणपणे नाही.

खासगी आणि एनएचएस यांचे मिश्रण करण्याचा प्रस्ताव दंतवैद्याकडून येऊ शकतो. तो बेकायदा नाही. मात्र दातांच्या आरोग्यासाठी आवश्यक असलेला उपचार ‘एनएचएसमध्ये होतच नाही’ असे सांगून खासगीकडे वळविता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे काम असल्यास लेखी उपचारयोजना मिळते. तीत कोणते काम कोणत्या दराने हे नमूद असते. सही करण्यापूर्वी ती घरी नेऊन वाचण्यास कोणी अडवीत नाही.

माफीचा चौकोन आणि दंड

अठरा वर्षांखालील मुले, पूर्णवेळ शिक्षण घेणारे एकोणीस वर्षांखालील विद्यार्थी, गरोदर स्त्रिया आणि गेल्या बारा महिन्यांत प्रसूती झालेल्या माता यांना इंग्लंडमध्ये शुल्क नाही. ठरावीक सरकारी साहाय्य घेणाऱ्यांनाही नाही. भारतीय विद्यार्थी फसतात ते येथे. अर्जावर ‘पूर्णवेळ शिक्षण’ हे शब्द दिसतात, तेवीस वर्षांचा पदव्युत्तर विद्यार्थी निर्धास्तपणे तेथे खूण करतो, आणि काही महिन्यांनी घरी पत्र येते. चुकीची माफी घेतल्यास मूळ शुल्काव्यतिरिक्त शंभर पौंडांपर्यंत दंड होतो आणि वेळेत न भरल्यास तो आणखी पन्नास पौंडांनी वाढतो. स्वागतकक्षातील व्यक्तीने घाईत खूण करून दिली, ही सबब चालत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

मात्र अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी वेगळी योजना आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. ‘एचसी-१’ हा अर्ज भरून उत्पन्न आणि बचतीचा तपशील दिल्यास पूर्ण माफीचे ‘एचसी-२’ किंवा अंशतः माफीचे ‘एचसी-३’ प्रमाणपत्र मिळू शकते. बचत सोळा हजार पौंडांहून अधिक असल्यास सामान्यतः पात्रता राहत नाही. परदेशी विद्यार्थ्यांनाही यासाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र हाती येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून दाढ दुखण्याची वाट पाहू नये. दरम्यान शुल्क भरावे लागले, तर एनएचएसची पावती मागून घ्यावी. तीन महिन्यांच्या आत परताव्यासाठी अर्ज करता येतो.

दवाखाना मिळालाच नाही तर?

तीव्र वेदना, सूज, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी १११ या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा याच सेवेच्या संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरे द्यावीत. कोणाकडे नाव असो वा नसो, ही सेवा सर्वांसाठी आहे आणि तेथून तातडीच्या दंतसेवेची वेळ मिळवून दिली जाते. ती कधी त्याच दिवशी मिळते, कधी दूरच्या गावी. २०२५ मध्ये सरकारने इंग्लंडमध्ये तातडीच्या उपचारांच्या सात लाख जादा वेळा उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तातडीच्या भेटीत त्या क्षणीची वेदना थांबविण्याइतकेच काम होते; उरलेल्या उपचारासाठी पुन्हा दवाखान्याचा शोध आलाच. चेहऱ्यावरील सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरत असेल, श्वास घेण्यास किंवा गिळण्यास त्रास होत असेल, तर मात्र दूरध्वनीवर वेळ न दवडता थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. साध्या दाढदुखीसाठी तेथे जाऊन उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी दंतवैद्य नसतो आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परतावे लागते.

स्कॉटलंडमध्ये जाणाऱ्यांची स्थिती किंचित बरी आहे. तेथे नोंदणी अजून अस्तित्वात आहे आणि २०१० पासून ती एकदा झाली की आयुष्यभर टिकते. तपासणी मोफत, आणि ऑगस्ट २०२१ पासून सव्वीस वर्षांखालील सर्वांचे उपचारही मोफत आहेत. एडिंबरा किंवा ग्लासगोच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना याचा थेट लाभ मिळतो. इतरांना उपचारखर्चाच्या ऐंशी टक्के, पण कमाल ३८४ पौंड, भरावे लागतात. उत्तर आयर्लंडमध्येही नोंदणी आहे. वेल्समध्ये २०२५ पासून नवे रुग्ण एका देशव्यापी ऑनलाइन प्रतीक्षायादीत नाव लावू शकतात.

आई-वडील भेटीच्या व्हिसावर येणार असतील, तर त्यांच्या प्रवासविम्यात दातांच्या तातडीच्या उपचाराचा समावेश आहे ना, हे पॉलिसी घेतानाच पाहावे. स्वतः जाणाऱ्यांनी प्रस्थानापूर्वी किमान दोन महिने आधी दात तपासून घेणे हेच सर्वांत स्वस्त पडते. त्यातही रूट कॅनॉल करून कॅप ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवू नये. विमानात बसण्याच्या घाईत अर्धवट राहिलेली ती कॅप इंग्लंडमध्ये थेट तिसऱ्या पायरीवर नेऊन बसविते. अक्कलदाढ त्रास देत असल्यास तिचा निकाल येथेच लावावा आणि एक्स-रे व उपचाराचे कागद सोबत ठेवावेत.

दंतवैद्य मिळाल्यावर ठरलेली वेळ चुकवू नये. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या चुकलेल्या भेटीसाठी दंड आकारता येत नाही, पण दवाखाना उपचार थांबवून पुढे स्वीकारण्यास नकार देऊ शकतो, आणि तसे नकार दिले जातात. दर सहा महिन्यांनी जाणे मात्र सर्वांना आवश्यक नाही. तेथील मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रौढांच्या दोन तपासण्यांतील अंतर दातांच्या स्थितीनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असू शकते; मुलांच्या बाबतीत ते एक वर्षाहून अधिक नसावे. सेवेविषयी तक्रार असल्यास आधी दवाखान्याकडे लेखी करावी, किंवा १ एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमधील दंतसेवेची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्या स्थानिक ‘इंटिग्रेटेड केअर बोर्डा’कडे. दोन्हीकडे एकाच वेळी करता येत नाही.